एक मीटर शेहेचाळीस

“मान कुठंय, पोरी?” मास्तर विल्फ्रीदोंनी पुस्तकातून डोकं वर काढून विचारलं.

“ही काय, मास्तर,” आरासेली म्हणाली. “नाहीतर डोकं कशावर ठेवलं असतं?”

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बावीस मुली फिसकन हसल्या. हातात टेप धरलेल्या शिंपीणबाई कान्दीदा, ज्यांना गाव मानाने ‘दोन्या’ म्हणे, त्यासुद्धा हसल्या. मास्तर हसले नाहीत. ते सान होआकिनचे इतिहासकार होते. म्हणजे तशी त्यांची नेमणूक नगरपालिकेने केली होती, आणि गावाला जेवढा म्हणून इतिहास होता तो सगळा त्यांच्या हातातल्या पुस्तकाच्या एकशेबाराव्या पानावर होता.

“उंची?”

“एक मीटर अठ्ठेचाळीस,” दोन्या कान्दीदा म्हणाल्या.

“रंग?”

दोन्या कान्दीदांनी टेप खाली केला. रंगाला टेप लावता येत नाही.

“पुढची,” मास्तर म्हणाले.

आरासेली जागची हलली नाही. “पण मास्तर, मी अजून नाचलेच नाही.”

“नाच शिकवता येतो गं. मान शिकवता येत नाही.”

दालनाच्या कोपऱ्यात, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर, वेताच्या टोपलीवर पालथा घातलेला एक विपिल सांभाळत ओब्दुलिया बसली होती. आरासेली तिची नात. विपिल मात्र तिचा नव्हता. पांढऱ्या लेसचं हे शिरोवस्त्र चेहऱ्याभोवती घेतलं की बाई सूर्यफुलासारखी दिसते, असं पर्यटकांच्या पत्रकात छापलेलं आहे. खळ नीट बसली नसेल तर ती भिजल्या कोंबडीसारखी दिसते, हे छापलेलं नाही. ते कुणाला दिसू नये म्हणून गावात ओब्दुलिया होती. पन्नास वर्षं ती लोकांच्या लेसला खळ घालत होती, नखांनी एकेक चुणी पाडत होती. गावातली कुठलीही बाई तिला आधी झालरीच्या घेरावरून आठवायची, नाकाडोळ्यांवरून नंतर.

दर जुलैला राज्याच्या राजधानीत नाचांचा मोठा उत्सव भरतो. सान होआकिनच्या बारा मुली तिथे जातात, टीव्हीवर दिसतात आणि परत आल्यावर वर्षभर निराळ्याच चालतात. आरासेली नवव्या वर्षापासून तालमीला जात होती. तिच्यासारखं दुसरं कुणी नाचत नाही, हे तिच्याशी अबोला धरलेल्या मुलीही कबूल करत. यंदा तिला विसावं लागलं होतं, आणि विसाच्या पुढच्या मुलीला समिती उभं करत नसे. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

“दोन्या लेओकादिया,” आरासेली समितीच्या अध्यक्षबाईंकडे वळली, “तुम्ही तरी सांगा यांना. सात वर्षं बदली मुलगी म्हणून बसलेय मी. कुणाचा तरी पाय मुरगळू दे म्हणून देवळात मेणबत्त्या लावून लावून कंटाळले.”

“मग? मुरगळला नाही?” दोन्या कान्दीदांनी विचारलं.

“एकदा मुरगळला. तेव्हा मास्तरांनी ती जागा रिकामी ठेवली.”

पुन्हा हशा झाला. लेओकादिया हसली नाही. ती पाठ नसलेल्या स्टुलावर बसली होती, सत्तरीच्या उंबरठ्यावरची, उंच, पांढऱ्या केसांचा अंबाडा घातलेली. आणि तिची मान अशी ताठ होती की गळ्यातली सोन्याच्या नाण्यांची माळ मूर्तीवर चढवल्यासारखी वाटत होती.

“पुस्तक आहे ना, बाळ,” ती म्हणाली. “मी कोण सांगणार?”

मास्तरांनी घसा साफ केला आणि दर वर्षी वाचायचे तेच वाचलं. पुस्तकात बघायचीही गरज नव्हती, तरी बोट ओळीवरून फिरवत वाचलं: “‘सान होआकिनच्या स्त्रिया उंच, गव्हाळ आणि अबोल आहेत. भर दुपारी त्यांतली एक माझ्यासमोरून गेली. मस्तकावरचा शुभ्र लेसचा मुकुट तिने दोन्ही हात उंचावून धरला होता, सुरईला दोन कान असावेत तसे. लांब, ताठ मान. तिला वाकणं ठाऊकच नव्हतं. माझ्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. राणीने वाटसरूची दखल का घ्यावी?’”

वाचून झाल्यावर सगळ्यांनी लेओकादियाकडे बघितलं. दर वर्षी बघायचे. ती राणी म्हणजे दोन्या लेओकादिया, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

ते खरं नाही, हे फक्त दोघींना माहीत होतं. एक लेओकादिया. दुसरी टोपली सांभाळत बसली होती.

*

तो परदेशी लेखक १९६३ च्या एप्रिलात आला. त्याचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, आणि उन्हाने तो कोळंबीसारखा लाल झाला होता, म्हणून गाव त्याला तांबडा म्हणू लागलं. तांबडा गावात अडीच दिवस राहिला. नदीचं पाणी न उकळता प्यायल्यामुळे त्यातला दीड दिवस त्याने परसाकडेच काढला. तिसऱ्या दिवशी औषधवाल्याच्या पायरीवर पोट आवळून बसला असताना समोरून ओब्दुलिया गेली.

तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि आईच्या हाताखाली नुकती खळीला बसली होती. युकाच्या, म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो त्या कंदाची खळ घातलेली लेस दोरीवर वाळत टाकली तर खळ खाली उतरते. झालर वरून लुळी पडते आणि खालून पत्रा होते. म्हणून त्यांच्या घरची रीत अशी होती की ओली लेस डोक्यावर घ्यायची आणि उन्हात चालायचं. रस्त्याने वर, रस्त्याने खाली, ताठ होईपर्यंत. हात उचलून दोन्हीकडची कड धरून ठेवायची, नाहीतर ती खांद्याला चिकटते. त्या दिवशीची लेस लेओकादियाच्या घरची होती, गावातल्या सर्वांत मोठ्या घरची. तिच्यावर डाग पडला असता तर आईने ओब्दुलियालाच खळीत उकळलं असतं. शिवाय मानेवर, केसांच्या मुळाशी, लिंबाएवढं गळू झालं होतं. मान डावीकडे वळत नव्हती, उजवीकडे वळत नव्हती, खाली तर नाहीच नाही. पायरीवर कुणीतरी कण्हत होतं ते तिने ऐकलं, पण वळून बघायची सोय नव्हती. मग ‘टक्’ असा आवाज झाला. तिला वाटलं, गळू फुटलं.

उंचीचं म्हणाल, तर पायरीवर पोट धरून बसलेल्या माणसाला गाढवही उंच दिसतं.

पुस्तक स्पॅनिशमध्ये यायला पाच वर्षं लागली. त्यात छायाचित्र होतं. उन्हाने चेहरा पार पुसला गेला होता. दिसत होती ती लेसची पांढरी चकती, तिच्यावरची डाळिंबांची वेलबुट्टी आणि उचललेले दोन हात. डाळिंबं लेओकादियाच्या घरची. त्या वेळचे शाळामास्तर फुलं घेऊन त्यांच्या दारात गेले. लेओकादिया तेव्हा तेवीस वर्षांची होती. उंच होती, गव्हाळ होती, आणि मुख्य म्हणजे लग्नाची होती. तिच्या वडिलांनी फुलं घेतली.

ओब्दुलियाने आधी तो उतारा नुसता ऐकला आणि तिलाही वाटलं की दुसऱ्याच कुणा बाईबद्दल असेल, कारण त्यात उंच असं म्हटलं होतं. मग काही महिन्यांनी बाजारात कुणीतरी चित्र दाखवलं. डाव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली. लहानपणी तिच्यावर इस्त्री पडली होती. ओब्दुलियाने चित्र परत दिलं आणि सुकी कोळंबी घेऊन घरी आली. लेओकादियाच्या लग्नाची लेस त्याच आठवड्यात खळीला यायची होती.

पुढे पुस्तक हातात धरून आणखी लोक आले आणि उंच बायका शोधू लागले. सान होआकिनच्या बायका जात्याच ठेंगण्या, रुंद, तव्याच्या रंगाच्या. पाहुणे हिरमुसले. एकाने लिहिलं की अस्सल वंश संपत चाललाय. दुसऱ्याने लिहिलं की संपला. बियरवाल्यांनी कॅलेंडर काढलं, त्यावर राजधानीतली एक नटी हात उंचावून उभी होती. हे सगळं वाचून आणि बघून गाव मनातून फार खजील झालं. आपणच आपल्यासारखे दिसत नाही, ही काही लहान बाब नव्हती. घाघऱ्यांखाली उंच टाचा आल्या. बाजारात गोरेपणाचं मलम टोमॅटोच्या शेजारी मांडून विकायला लागले. ऐपतदार घरांनी उत्तरेकडून उंच सुना आणल्या. हात उंचावून चालण्याला ‘सान होआकिनची पूर्वापार चाल’ असं नाव पडलं आणि ती शाळेत दर शुक्रवारी शिकवू लागले. ती चाल मुळात लेस वाळवण्याची आहे, हे सांगणारी एकच बाई होती आणि तिला कुणी विचारत नव्हतं.

ओब्दुलियाची मुलगी एनेइदा हिलाही समितीने परत पाठवलं होतं, एक्क्याऐंशी साली. ती मग समुद्रकाठच्या एका बड्या हॉटेलात कामाला गेली. तिथे दर्शनी भिंतीवर पुस्तकातल्या राणीचं दोन मजली चित्र आहे. स्वागताच्या टेबलावर बसण्यासाठी तिने अर्ज केला, तेव्हा तिथला साहेब म्हणाला, “बाई, तुम्ही सान होआकिनच्या वाटत नाही.” एनेइदा अजून त्याच हॉटेलच्या मुदपाकखान्यात आहे.

*

“म्हणजे,” आरासेली म्हणाली, “मी तुझ्यासारखी नाही म्हणून मला काढलं, आणि मी तर हुबेहूब तुझ्यासारखी!”

अंगणात खळीची कढई निवत होती. ओब्दुलियाने सगळं सांगून टाकलं होतं, गळवासकट. आरासेली आधी खो खो हसली. हसता हसता झोपायच्या जाळीच्या झुल्यातून खाली उतरली, आणि मग तिचा चेहरा बदलला.

“पन्नास वर्षं तू हे पोटात ठेवलंस, आजी? आईला काढलं तेव्हा पण?”

“तुझी आई मला म्हणाली होती, जाऊ दे.”

“तिला कुठं माहीत होतं काय जाऊ द्यायचं ते!”

ओब्दुलिया कढईकडे वळली. तिने कढईवरची साय बोटाने बाजूला केली. त्या बोटाकडे आरासेली बघत राहिली.

“हेच बोट?”

“हेच.”

“आता ऊठ, केस सावर आणि जा. नाहीतर मी जाते. मी गेले तर शिव्या देऊन येईन.”

ओब्दुलिया उठली.

लेओकादिया मागच्या अंगणात चिंचेखाली सरळ पाठीच्या खुर्चीत बसली होती. अंगणात तीन झुले टांगलेले होते. दुपारी सान होआकिनमधलं कुत्रंदेखील झुल्याखाली लवंडलेलं असतं. पण लेओकादियाला झुल्यात कुणी कधी पाहिलं नव्हतं.

“लेस आणलीस?”

“नाही. बोलायला आले, दोन्या.”

“बस.”

ओब्दुलिया बसली नाही. “माझ्या नातीला घ्या.”

“मी एकटी का ठरवते? समिती आहे. मास्तर आहेत. पुस्तक आहे.”

“पुस्तक माझं आहे,” ओब्दुलिया म्हणाली.

आत पाट्यावर कोको वाटण्याचा आवाज येत होता, तो थांबला. लेओकादियाने स्वयंपाकघराकडे बघून टाळी वाजवली. आवाज पुन्हा सुरू झाला.

“बोललीस बाई एकदाची,” ती हळू म्हणाली. “मला वाटलं होतं, माझ्या लग्नात बोलशील. मग वाटलं, हे गेल्यावर बोलशील. दर वेळी तू लेस घेऊन आलीस की मी तुझ्या तोंडाकडे बघायचे.”

“मी झालरीकडे बघायचे.”

“ठाऊक आहे मला.” लेओकादियाने माळेतलं एक नाणं उलटं झालं होतं ते सुलटं केलं. “मी हो कधी म्हटलं नाही, ओब्दुलिया. बाबा म्हणाले. मी फक्त नाही म्हटलं नाही.”

“बरं.”

“बरं काय बरं! तुला काय वाटतं, मी मजा मारली? हा माणूस पुस्तक वाचून आला होता लग्न करायला, पार वेराक्रूसहून. महिन्याभरात म्हणतो कसा, चित्रात हात जास्त भरलेले दिसतात. तुझे हात गं! मला तुझे हात नाहीत म्हणून मी जन्मभर ऐकून घेतलंय. झुल्यात पडले नाही. चारचौघांत आंबा खाल्ला नाही. आंब्याला मान पुढे काढावी लागते. आई गेली तेव्हा तिच्यावर ओणवी होऊन रडलेसुद्धा नाही. बायका बघत होत्या.”

ओब्दुलियाला तिची कीव यायला हवी होती. थोडी आलीही. आंबे तिनेही आयुष्यात फार खाल्ले नव्हते. पण त्याचं कारण वेगळं होतं, आणि ते सांगण्याची ही जागा नव्हती.

“उद्या मी समितीपुढे येते,” ती म्हणाली. “बोट दाखवते. तुम्ही फक्त खरं बोला.”

लेओकादियाने मांडीवर पडलेला चिंचेचा पाला झटकला. मग म्हणाली, “मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.” आणि हे म्हणताना तिने मान खाली घातली.

पन्नास वर्षांत ओब्दुलियाने तिला मान खाली घालताना पाहिलं नव्हतं. म्हणून तिने विश्वास ठेवला.

*

मास्तर विल्फ्रीदो वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये तोंड घातलं नाही, ओब्दुलियाला खुर्ची दिली आणि पाणीही मागवलं. फक्त पुस्तक त्यांनी छातीशी धरलं होतं ते खाली ठेवलं नाही.

“मावशी,” ते म्हणाले, “याचे परिणाम तुमच्या ध्यानात येतायत का? चौकात पुतळा आहे. पावणेदोन मीटरचा.”

“कापून घ्या,” आरासेली म्हणाली.

“तू गप. मावशी, इथे स्पष्ट लिहिलंय, उंच.”

“तो बसला होता, मास्तर. पायरीवर. त्याचं पोट बिघडलं होतं.”

“पोटाबद्दल पुस्तकात काही नाही.”

“आणि मान वळत नव्हती, कारण गळू होतं. हा बघा व्रण.” ओब्दुलियाने केस वर उचलले. दोन्या कान्दीदा पुढे झाल्या, बघितलं आणि म्हणाल्या, “आहे हो. चांगलं मोठं असणार.”

“गळवाबद्दलही काही नाही,” मास्तर म्हणाले.  या एका पानावर त्यांनी सात पुस्तिका लिहिल्या होत्या. “दोन्या कान्दीदा, टेप घ्या. नियम सगळ्यांना सारखा.”

ओब्दुलिया चपला काढून भिंतीला टेकून उभी राहिली. टेपचा थंड पत्रा टाळूला लागला.

“एक मीटर शेहेचाळीस.”

“बघा,” मास्तर जवळजवळ विनवणी केल्यासारखे म्हणाले, “तुम्ही त्या बाईसारख्या नाही, मावशी.”

“वयानं माणूस आखडतं हो,” दोन्या कान्दीदा म्हणाल्या.

“इतकं?”

“मास्तर,” ओब्दुलिया म्हणाली, “चित्र काढा.”

मास्तरांनी चित्राचं पान उघडलं. तिने डावा हात त्याच्या शेजारी टेबलावर ठेवला. खळीने पांढरट झालेला, भेगाळलेला हात, आणि बाहेर वाकलेली करंगळी. मास्तरांनी भिंग आणलं. आधी चित्र बघितलं, मग हात, मग पुन्हा चित्र. भिंग टेबलावर ठेवलं, आणि ते लेओकादियाकडे वळले. सगळेच वळले. लेओकादियाचे हात मांडीवर होते. दहाही बोटं लांब, सरळ, अंगठ्या घातलेली.

“दोन्या लेओकादिया,” मास्तरांनी विचारलं, “तुम्ही काय म्हणता?”

दालनातला पंखा गरगरत होता. बाहेर आइस्क्रीमवाला घंटी वाजवत गेला.  लेओकादियाने ओब्दुलियाकडे बघितलं. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच चारचौघांसमोर सरळ बघितलं. मग तिची मान हळूहळू सरळ झाली.

“त्या दिवशी माझं बोट दुखत असेल,” ती म्हणाली. “म्हणून वाकलं असेल.”

मास्तरांनी श्वास सोडला. दोन्या कान्दीदांनी टेप गुंडाळायला घेतला आणि गुंडाळता गुंडाळता पुटपुटल्या, “असेल बाई. दुखतं कधी कधी.”

“अशा प्रकारे,” मास्तर म्हणाले, आणि पुढे काय म्हणायचं ते न सुचून त्यांनी पुस्तक मिटलं.

 येताना आरासेली चांगल्या दोन डझन शिव्या घोकून आली होती. तिने वाकून आजीच्या चपला उचलल्या आणि तिच्या पायांशी सरळ करून ठेवल्या.

*

बारा मुली निवडल्या गेल्या. सगळ्यांत उंच मुलगी राणी झाली. ती मूळची उत्तरेकडची, दंतवैद्याची मुलगी, दोन वर्षांपूर्वी गावात आलेली. तिला उजव्या-डाव्या पायाचा मेळ जमत नव्हता, पण हात छान उचलायची. निघायच्या दिवशी संध्याकाळी चार वाजता चौकात निरोपाची मिरवणूक होती. सकाळी लेओकादियाकडची मोलकरीण दोन विपिल घेऊन आली. डाळिंबांचा राणीसाठी, आणि एक साधा. सोबत केळीच्या पानात गुंडाळलेले दोन आंबे होते.

“दोन्यांनी दिलेत,” ती म्हणाली. “काही निरोप नाही म्हणाल्या.”

“परत ने,” आरासेली म्हणाली. “सगळंच परत ने. लेस पण.”

“लेस ठेव,” ओब्दुलिया म्हणाली.

मोलकरीण आंबेही ठेवून गेली.

“आजी, तू हे करणार?” आरासेलीने कंबरेवर हात ठेवले. “आज? त्या सरळ बोटांच्या बयेसाठी? घाल ना जरा जास्त नीळ. नासव. मिरवणुकीत झालर अशी लोंबू दे ना तिच्या तोंडावर, की टीव्हीवाल्यांनाही कळू दे.”

“लेसनं काय केलंय?”

“मग कुणी काय केलंय? कुणीच काही केलं नाही का?”

ओब्दुलियाने कढईखालचा जाळ कमी केला. खळ दोन बोटांत धरून बघितली; तार तुटत नव्हती. तिने डाळिंबांची लेस खळीत सोडली, दाबली, वर काढली, पिळली नाही. मग मांडीवर फळी घेऊन चुण्या पाडायला बसली. नखाने एक, नखाने दुसरी. वाकडी करंगळी प्रत्येक चुणीला मागून आधार देत होती. सरळ बोटाला ते जमलं नसतं. आरासेलीने कंबरेवरचे हात खाली घेतले. मग समोर बसली, दुसरी लेस मांडीवर घेतली आणि आजीकडे न बघता चुण्या पाडू लागली. तिला ते काम येतं, हे आजवर दोघींपैकी कुणी बोलून दाखवलं नव्हतं.

दुपारी उत्तरेचा वारा पडला आणि ऊन स्वच्छ झालं. ओब्दुलियाने डाळिंबांची लेस डोक्यावर घेतली. थंड पाण्याचा एक ओघळ मानेवरून, जुन्या व्रणावरून पाठीत गेला. तिने हात उचलले, कड धरली आणि रस्त्यावर आली. वर चौकापर्यंत, खाली नदीपर्यंत. दुसऱ्या फेरीला मागे चपला वाजल्या. डोक्यावर साधी लेस, दोन्ही हात वर, आरासेली तिच्या शेजारी आली. एक आखूड सावली होती, तिच्या दोन आखूड सावल्या झाल्या.

“मान सरळ ठेव,” ओब्दुलिया म्हणाली.

“माहितेय.”

“खळ उतरते नाहीतर.”

“माहितेय, आजी.”

चौकात पर्यटकांची बस लागली होती. पुतळ्याच्या सावलीत पंधरावीस जण उभे होते, काहींच्या हातात ते पुस्तक. समोरून लेस डोक्यावर धरलेल्या दोन बायका येताना दिसल्या तशी कुजबुज झाली आणि कॅमेरे वर गेले. औषधवाल्याच्या पायरीवर बसलेल्या एका वयस्क परदेशी बाईने तर पान उघडून समोर धरलं. तिने पानाकडे बघितलं, ओब्दुलियाकडे बघितलं, पुन्हा पानाकडे बघितलं आणि गाइडला काहीतरी विचारलं.

गाइड गावातलाच होता. मास्तरांचा विद्यार्थी.

“नाही, नाही,” तो मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून म्हणाला. “या फक्त कपडे वाळवतायत. खरी चाल तुम्हाला चार वाजता बघायला मिळेल.”

कॅमेरे खाली आले. पायरीवरच्या बाईने पुस्तक मिटलं.

आरासेलीची पावलं अडखळली. ती त्याला काहीतरी उत्तर देणार, असं ओब्दुलियाला तिच्या श्वासावरून कळलं, आणि ते उत्तर काय असेल हे बघायला वळावंसंही वाटलं. पण डाव्या बाजूची कड अजून ओली होती.

“चल,” ती म्हणाली. “अजून दोन फेऱ्या.”